लेकराची दाढ: तालुक्याला न्यावं, लाफिंग गॅस द्यावा की पूर्ण भूल?

माझ्या मुलीची दाढ किडली तेव्हा ती सहा वर्षांची होती. कापूस वेचणीचे दिवस, त्यामुळे आज नेऊ, उद्या नेऊ करत राहिलो. एका रात्री गाल टम्म सुजला. सकाळी एका दवाखान्यात दोघांनी तिचे हात दाबून धरले आणि दाढ काढली. पू झालेल्या जागी भूल नीट चढत नाही, हे मला नंतर कळलं. पुढे वर्षभर दवाखान्याची पाटी दिसली की ती माझा पदर घट्ट धरायची.

म्हणून सांगते, दुखणं वाढायच्या आत ठरवा.

चार-पाच वर्षांच्या पुढचं, सांगितलेलं समजणारं लेकरू असेल आणि एखाददुसरा दात असेल, तर माझं मत तालुक्याच्या डॉक्टरकडेच. अट एकच, डॉक्टर वेळ देणारा हवा. आरसा, पाण्याचा फवारा आधी सांगायचा, मग बोटावर दाखवायचा, मग तोंडात करायचा. सुईआधी हिरडीवर बधिर करणारं जेल लावून एक-दोन मिनिटं थांबलं आणि औषध हळू सोडलं, तर टोचणं पुष्कळ कमी जाणवतं. जेल लावता का, मला शेजारी बसू द्याल का, हे फोनवरच विचारा. ग्रामीण रुग्णालयात दातांचे डॉक्टर असतील तर तिथले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत आहेत. घरी आल्यावर मात्र दोन-तीन तास लक्ष ठेवा. ओठ बधिर असतो, लेकरू तो चावत बसतं आणि मोठी जखम करून घेतं.

लाफिंग गॅस म्हणजे नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन, नाकावरच्या मास्कमधून. लेकरू जागं असतं, बोलतं, फक्त भीती सैल होते. शेवटी काही मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला की असर उतरतो. पण पुष्कळांना वाटतं तशी यात सुई टळत नाही. दात काढायचा तर जागा बधिर करणारी सुई द्यावीच लागते. सर्दीनं नाक बंद असेल किंवा लेकरू मास्कच ओढून काढत असेल, तर उपयोग नाही. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात आणि वर्ध्याजवळ सावंगी मेघेच्या दंत महाविद्यालयात लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. गॅसची सोय आहे का, हे विचारूनच एसटीत बसा.

पूर्ण भूल, म्हणजे लेकराला झोपवून उपचार, ही दोन-तीन वर्षांच्या, आठ-दहा दात किडलेल्या लेकरासाठी किंवा ज्याला खुर्चीत बसणं जमतच नाही अशा मुलासाठी. सगळं काम एका दिवसात होतं. पण भूलतज्ज्ञ लागतो, ऑपरेशन थिएटर लागतं, सहा तास आधी खाणं बंद आणि दोन तास आधी पाणीही बंद. पहाटे गावातून निघताना आजीनं मायेनं बिस्किट दिलं, तर ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं. घरात सगळ्यांना आदल्या दिवशीच सांगा. आणि भीती यानं जात नाही, पुढच्या वेळी ती तशीच असते.

चौथी वाट फार कुणी सांगत नाही. दुधाचा दात किडलाय, पण ठणका नाही, पू नाही, तर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं औषध दातावर लावतात. सुई नाही, मशीन नाही, काही मिनिटांचं काम. कीड बहुतेक वेळा तिथंच थांबते, पण ती जागा काळी पडते आणि सहा महिन्यांनी पुन्हा लावावं लागू शकतं. पुढचे दात काळे झाले तर चारजण विचारतील. माझ्या लेकराचं रडणं वाचत असेल तर मी ते उत्तर देईन.

यातलं काहीही निवडा, पण घरी "गप बस, नाहीतर डॉक्टर सुई देईल" म्हणू नका. "काही दुखणार नाही" असंही नको. "थोडं चावल्यासारखं होईल, मी जवळच आहे" एवढं पुरतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. दातही बघतं. धाकट्याची कीड तिथंच सापडली. दुखत नसतानाच त्याला नेलं. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी नुसते दात मोजले. घरी येऊन त्यानं ताईचे दात मोजले, आणि तिनं मोजू दिले.