ब्रोकन हिल की कूबर पिडी: कॅरॅव्हॅन कुठे न्यावी?

ब्रोकन हिल आणि कूबर पिडी ही ऑस्ट्रेलियातली दोन खाणींची गावं. अ‍ॅडलेडहून ब्रोकन हिल सुमारे 515 किमी, कूबर पिडी सुमारे 850. मागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, असली की वेग कमी ठेवावा लागतो, आणि दिवस कलला की कांगारू रस्त्यावर येतात, त्यामुळे अंधारात गाडी चालवायची नाही. म्हणजे ब्रोकन हिल एका लांबलचक दिवसात जमतं. कूबर पिडीला वाटेत मुक्काम हवाच.

दोन्हीकडे डांबरी रस्ता आहे. पण स्टुअर्ट हायवेवर ग्लेन्डॅम्बो सोडलं की कूबर पिडीपर्यंत अडीचशे किमी पेट्रोलपंप नाही. कॅरॅव्हॅन ओढणारी गाडी डिझेल किती पिते ते आधी जवळच्या फेरीत पाहून घ्या, त्यात समोरचा वारा धरा. पन्नास मीटरहून लांब रोड ट्रेन (मागे बरेच ट्रेलर जोडलेला ट्रक) शेजारून गेली की कॅरॅव्हॅन हलते. नवख्याने हा धडा तिथे गिरवू नये.

ब्रोकन हिलला 1883 मध्ये चार्ल्स रास्पला कथील सापडलं असं वाटलं, निघालं चांदी-शिसं. बीएचपी या खाणकंपनीच्या नावातली पहिली दोन अक्षरं याच गावाची. खाणीच्या ढिगाऱ्यावरच्या स्मारकावर आठशेहून जास्त मृत कामगारांची नावं आहेत, तिथे घाईने जाऊ नका. पूर्वी उंटांवरून माल नेणाऱ्यांची जुनी पत्र्याची मशीदही पाहा. सिल्व्हरटन हे जुनं खाणगाव पंचवीसेक किमीवर. ब्रोकन हिलचं घड्याळ मात्र अ‍ॅडलेडचंच, गाव न्यू साउथ वेल्समध्ये असूनही.

कूबर पिडी जास्त विलक्षण आहे, यात वाद नाही. 1915 मध्ये चौदा वर्षांच्या मुलाला ओपल हे रत्न मिळालं आणि गाव बरंचसं जमिनीखाली वसलं. उन्हाळ्यात वर पंचेचाळीसच्या आसपास, खाली पंचवीसच्या आत. अशा गावात वर पत्र्याच्या डब्यात एसी लावून झोपायचं? माझ्या मते तिथे नुसती गाडी न्यावी आणि भुयारी खोलीत राहावं. उघड्या खाणींची तोंडं जागोजागी आहेत. फोटोसाठी मागे सरकू नका.

आईबाबा, मुलं आणि कॅरॅव्हॅन असा लवाजमा असेल तर ब्रोकन हिल. पुढे उलुरू या प्रसिद्ध खडकाकडे जायचं असेल तरच कूबर पिडी. दोन्हीकडे मे ते ऑगस्ट बरा. ब्रोकन हिलहून परतताना ऊडला विरा इथे फळमाशीसाठी गाडी तपासतात, त्यामुळे टोमॅटो, मिरच्या, लिंबं त्याआधीच संपवा.