अ‍ॅडव्हान्स टॅक्सच्या नावाखाली १,३३,१२० रुपयांची फसवणूक

१२ मार्च २०२५ रोजी मी माझ्या कर सल्लागाराच्या फर्मच्या करंट खात्यात १,३३,१२० रुपये एनईएफटीने पाठवले. २०२४-२५ या आर्थिक वर्षाचा माझा अ‍ॅडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष संपण्याआधीच भरायचा आयकर, म्हणून पाठवलेल्या या रकमेतला एक रुपयाही सरकारजमा झाला नाही. त्याआधी वर्षअखेरच्या नियोजनाची फी म्हणून ६,५०० रुपये त्याने वेगळे घेतले होते. सप्टेंबरमध्ये तोच कर मला व्याजासकट पुन्हा भरावा लागला. पुढचा मार्च येण्याआधी इंदूरमधल्या छोट्या दुकानदारांनी हे वाचावे, एवढ्यासाठी चारचौघांत सांगायला लाज वाटणारी ही गोष्ट मी लिहीत आहे.

इंदूरच्या सियागंज बाजारात माझे पॅकिंगच्या मालाचे दुकान आहे. नमकीनवाले आणि मिठाईवाले माझ्याकडून पाउच, डबे, खोकी नेतात. वर्षाची उलाढाल २ कोटी ४० लाखांची असून सगळे पैसे बँकेतून येतात, रोखीचा व्यवहार मी ठेवलेलाच नाही. अशा व्यापाऱ्याला त्या वर्षी लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या ४४एडी कलमाखाली उलाढालीच्या सहा टक्के उत्पन्न दाखवून कर भरता येत होता. सहा टक्के म्हणजे १४,४०,००० रुपये, आणि नव्या करप्रणालीच्या त्या वर्षीच्या दरांनी त्यावर सेस म्हणजे उपकरासह १,३३,१२० रुपये कर होत होता. हा हिशेब त्या सल्लागारानेच माझ्या काउंटरवर बसून, माझ्याच बिलबुकाच्या मागच्या पानावर करून दाखवला आणि तो पैशापर्यंत बरोबर होता. नंतर लावलेल्या सीएनेही तोच आकडा काढला. ‘तुम्हाला शंका कशी आली नाही’ असे विचारणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की त्या माणसाला काम येत होते. ४४एडीवाल्याला जून, सप्टेंबर आणि डिसेंबरचे हप्ते लागू नसतात, त्याने संपूर्ण कर १५ मार्चपर्यंत एकरकमी भरायचा असतो, हे त्याने सांगितले तेही खरे होते. रोख जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तरच या कलमाची उलाढालीची मर्यादा दोन कोटींवरून तीन कोटींवर जात होती, हेही खरे. खोटी होती ती फक्त शेवटची पायरी.

बाजारात कर सल्लागाराला सगळे ‘वकीलसाहेब’ म्हणतात आणि त्या संबोधनाबरोबर विश्वासही आपोआप देऊन टाकतात. हा तर आपल्यातला, मराठी घरातला, गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करताना ओळख झालेला, मला ‘काका’ म्हणणारा. तीन वर्षे त्याने माझी विवरणपत्रे वेळेवर भरली होती. अशा माणसावर विश्वास ठेवणे हा गुन्हा असेल, तर या बाजारात कोणी कोणाशी उधारीवर एक दिवसही व्यवहार करू शकणार नाही.

त्या आठवड्यातले कॅलेंडर त्याच्या पथ्यावर पडले. तो म्हणाला, “काका, परवा धुळवड आहे, १५ तारखेला शनिवार आहे, ऐन वेळी साइट बसली तर दंड लागेल. तुमची बँक सहकारी आहे, आयकर पोर्टलच्या यादीत नाही. तुम्ही माझ्या खात्यात टाका, मी आजच माझ्या बँकेतून भरून टाकतो.” सहकारी बँक यादीत नव्हती, हे मी स्वतः पडद्यावर पाहिले. यादीत नसलेल्या बँकेच्या खातेदारालाही एनईएफटी-आरटीजीएसचा पर्याय असतो, पोर्टलवरून फॉर्म काढून आपल्याच बँकेतून थेट कर भरता येतो, हे मात्र त्याने सांगितले नाही. आणि ज्या दंडाची त्याने भीती घातली तो किती होता? १५ मार्च चुकली तर तेव्हाच्या २३४सी कलमाखाली एक टक्का व्याज, म्हणजे माझ्या बाबतीत १,३३१ रुपये. ३१ मार्चपर्यंत भरलेली रक्कम अ‍ॅडव्हान्स टॅक्सच धरली जाते. १,३३१ रुपयांच्या भीतीपोटी मी १,३३,१२० रुपये त्याच्या हवाली करावेत, अशी ती मांडणी होती. मार्चमध्ये कोणी ‘आजच्या आज’ म्हणत असेल, तर आधी उशिराचा खर्च रुपयांत विचारा.

संध्याकाळी त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक कागद पाठवला. तो कागद मी आता तोंडपाठ म्हणू शकतो. वर आयकर खात्याची मुद्रा, खाली माझे नाव, माझा पॅन, करनिर्धारण वर्ष २०२५-२६ (म्हणजे २०२४-२५ च्या उत्पन्नासाठीचे), प्रकार १०० म्हणजे अ‍ॅडव्हान्स टॅक्स, रक्कम १,३३,१२०, आणि तीच रक्कम अक्षरी. यातले काहीही बनावट नव्हते. तो कागद खरोखरच सरकारी पोर्टलवरून काढलेला होता. परंतु तो पैसे भरल्याचा पुरावा नव्हता, भरण्यासाठी तयार केलेले, पण पैसे न भरलेले चलन होते. त्यावर सीआरएन हा चलनाचा संदर्भ क्रमांक होता आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत छापले होते की हे चलन २७ मार्च २०२५ पर्यंत वैध आहे. भरलेल्या पैशाची पावती अमुक तारखेपर्यंत वैध कशी असेल? ती ओळ माझ्या फोनमध्ये सहा महिने पडून होती. चष्मा लावून रक्कम तपासली, पॅनचे अक्षर न् अक्षर तपासले, आणि त्या तारखेवरून नजर सरळ पुढे गेली. आजही रात्री जाग आली की तीच तारीख डोळ्यांपुढे येते. पण मी विचारतो, पॅन आणि रक्कम जुळल्यावर दुकान सांभाळणारा माणूस आणखी काय पाहणार होता? ज्यांचे पैसे खरोखर भरले जातात त्यांच्या पावतीवर सीआयएन हा भरलेल्या चलनाचा ओळख क्रमांक असतो, त्यात बँकेच्या शाखेचा सात अंकी बीएसआर कोड, भरणा केल्याची तारीख आणि पाच अंकी चलन क्रमांक असतो. हे तीन नसतील तर तो कागद कितीही सुबक दिसो, तुमचे पैसे पोहोचलेले नाहीत.

तरीही मी पक्की पावती मागितली होती, हे नमूद करतो. त्यावर ‘रंगपंचमी होऊन जाऊ द्या’ असे उत्तर आले. १९ तारखेला रंगपंचमीची गेर म्हणजे मिरवणूक निघाली, झाली, आणि मग मार्चअखेरची धावपळ, स्टॉकची मोजणी, उधारीची वसुली यांत मीही बुडालो. पुढे सरकारने विवरणपत्राची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली. ती बातमी खरी असल्यामुळे ‘काका, घाई नाही’ हे त्याचे वाक्यही खरेच वाटले. मध्यंतरी खात्याकडून कोणताही संदेश आला नाही, कारण पोर्टलवर माझ्या नावापुढे मोबाइल आणि ईमेल त्याचाच नोंदवलेला होता. आपल्या प्रोफाइलमध्ये कोणाचा नंबर आहे, हे आजच उघडून पाहा. पासवर्ड सल्लागाराकडे आणि ओटीपीही सल्लागाराकडे, ही सोय दोन्ही बाजूंना आरामाची असते आणि तिचा धोका फक्त आपल्याला असतो.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याचा फोन लागेनासा झाला. ऑफिसला कुलूप होते, पाटी उतरवलेली होती. पुतण्याने ओळखीच्या सीएकडे नेले. त्यांनी पोर्टलवरचे एआयएस, म्हणजे खात्याकडच्या माझ्या करविषयक माहितीचे वार्षिक पत्रक, उघडले. स्वतः भरलेल्या कराची नोंद तेव्हा २६एएस या करपत्रकात दिसत नव्हती, तिथे फक्त दुसऱ्यांनी कापलेला किंवा वसूल केलेला कर (टीडीएस आणि टीसीएस) दिसत होता, म्हणून पाहायचे ते एआयएस. करभरण्याच्या रकान्यात काहीच नव्हते. तिथल्या तिथे हिशेब झाला. मार्चअखेर कर न भरल्याबद्दल २३४बी कलमाचे एप्रिल ते सप्टेंबर असे सहा महिन्यांचे व्याज ७,९८६ रुपये, २३४सीचे १,३३१ रुपये, मूळ कर आहे तसाच. दहाच्या पटीत १,४२,४४० रुपये मी स्वतःच्या हाताने भरले, सीआयएन छापून घेतला आणि मुदतीत विवरणपत्र दाखल केले. गेलेला कर, फी आणि व्याज मिळून नुकसान १,४८,९३७ रुपयांचे आहे.

त्यानंतर जे सुरू झाले त्याचा संताप मूळ फसवणुकीपेक्षा जास्त आहे. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, तर वाचण्याआधीच उत्तर मिळाले, “लेन-देन का मामला है, सिविल में जाइए.” मी बँकेचे स्टेटमेंट, चलन, सगळे संदेश छापून नेले होते. ती फाइल टेबलावर उघडलीसुद्धा गेली नाही. दुसऱ्याचा कर भरतो म्हणून पैसे घेणे आणि ते न भरता भरल्याचा कागद पाठवणे ही दिवाणी देवाणघेवाण कशी होते, हे मला कोणीही समजावून सांगितले नाही. सायबर विभागाने सांगितले की पैसे तुम्ही स्वतः, ओळखीच्या माणसाला पाठवलेत, हे आमच्यात बसत नाही, आणि बसले असते तरी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवायला हवे होते. लगेच म्हणजे कधी? सहा महिने मला फसवणूक झाल्याचेच ठाऊक नव्हते. त्याच्या बँकेने सांगितले की पोलिसांच्या पत्राशिवाय खाते गोठवता येत नाही, आणि पोलिसांनी सांगितले की आधी त्या खात्याचा तपशील बँकेकडून आणा. राज्याच्या तक्रार हेल्पलाइनवर नोंदवलेली तक्रार मला एका शब्दानेही न विचारता ‘निराकृत’ म्हणून बंद झाली. कर कार्यालयातले बाबू तेवढे सभ्यपणे बोलले, पण म्हणणे एवढेच की रक्कम आमच्याकडे आलेली नाही, तेव्हा देणे तुमचेच. माझा पॅन वापरून चलन काढले गेले, ते कोणत्या मोबाइलच्या ओटीपीवर काढले गेले, याची माहिती तरी द्या, ही माझी विनंती ठेवून घेतली गेली आणि तिची पोचही मिळाली नाही. जो माणूस कर वेळेवर भरायला धडपडतो त्याला एका दिवसाच्या उशिराचे व्याज यंत्र क्षणात लावते, आणि त्याचे पैसे कोणी बुडवले तर त्याच सरकारच्या कोणत्याही टेबलावर त्याच्यासाठी खुर्ची नसते.

तो सीए नव्हता, हेही मला नंतरच कळले. सनदी लेखापालांच्या संस्थेकडे तक्रार चालते ती तिच्या सभासदांविरुद्ध, त्यामुळे तो मार्गही बंद. ‘कर सल्लागार’ ही पाटी कोणीही लावू शकतो. सीएचे सभासदत्व संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येते, जीएसटी प्रॅक्टिशनरचे नाव जीएसटी पोर्टलवर शोधता येते, आणि हे तपासताना समोरच्याला वाईट वाटले तर वाटू द्यावे. त्याला द्यायची असते ती फक्त फी. कर आपल्या खात्यातून, आपल्या हाताने.

ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) कलमाखाली तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे पाठवता येते आणि तरीही काही न झाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. हे मला ठाण्यात नव्हे, न्यायालयाबाहेरच्या टायपिस्टने सांगितले. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे ३१८ आणि विश्वासघातासाठी ३१६ ही कलमे लावून माझा अर्ज आता दंडाधिकाऱ्यांपुढे आहे.

सियागंज आणि मल्हारगंजातल्या आणखी काही दुकानदारांनी त्याच मार्चमध्ये त्याच खात्यात पैसे पाठवल्याचे मला कळले आहे. लाजेपोटी ते गप्प आहेत. त्यांनी आपापले स्टेटमेंट, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले चलन आणि एआयएसची प्रत काढून ठेवावी, मूळ फोनमधले संदेश पुसू नयेत. एकट्याचा अर्ज ‘लेन-देन’ ठरतो. त्याच खात्यात, त्याच आठवड्यात, त्याच सबबीवर गेलेल्या पाच-सात रकमा एकत्र मांडल्या, तर तसे म्हणणे कोणालाही कठीण जाईल. पुढच्या तारखेला मला त्या कागदांसह न्यायालयात उभे राहायचे आहे.