प्रत्येक कंपनीसाठी वेगळा रिझ्युमे करून देतो म्हणला आन १०,४९९ रुपये घेऊन गेला

मी मूळचा जिंतूर तालुक्यातला, डिप्लोमा मेकॅनिकल, सध्या वाळूजला बजाजनगरमधे रूमवर राहतो. तीन वर्षं एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला होतो, दिवाळीनंतर ऑर्डरी कमी झाल्या आन आम्हा सात जणांना ब्रेक दिला. हे लिहायलो कारण माझ्या रूमवरचाच एक पोरगा परवा त्याच माणसाला पैसे पाठवायच्या बेतात होता, मी ऐनवेळी मोबाईल हातातून घेतला म्हणून वाचला.

टेलिग्रामवर जॉबचा ग्रुप होता, तिथं हा "सर" भेटला. म्हणला रिझ्युमे पाठवा, फुकट चेक करून देतो. पाच मिनिटात लाल अक्षरात स्कोर आला, १०० पैकी ३८. तुमचा रिझ्युमे एटीएसमधेच अडकतोय, एचआरपर्यंत जातच नाही, प्रत्येक कंपनीच्या जाहिरातीप्रमाणं वेगळा करावा लागतो, असं सगळं समजावून सांगितलं. दोन महिने झाले एक कॉल नव्हता, मला ते पटलं. आन वाईट हेच आहे की यातलं अर्धं खरं आहे. जाहिरात बघून रिझ्युमे बदलावाच लागतो, मोठ्या कंपन्यांत अर्ज सांभाळायला एटीएस नावाचं सॉफ्टवेअरही असतं, एचआर त्यात शब्द टाकून शोधतात. पण ते सॉफ्टवेअर कंपनीगणिक वेगळं असतं, सगळीकडं चालणारा एकच स्कोर असा काही प्रकार नसतो. तो ३८ त्यानं आपल्या मनानं टाकलेला.

पहिले ४९९ घेतले. मग ५० कंपन्यांचं पॅकेज ३,५००. मग "एटीएस व्हेरिफिकेशन" २,०००. शेवटी इंटरव्ह्यू स्लॉटचं डिपॉझिट ४,५००, जॉइन झाल्यावर परत मिळणार म्हणला. माझ्याकडं तेव्हा खोलीचं भाडं द्यायला पैसे नव्हते, मी वडलांना फोन केला, त्यांनी भाव वाढंल म्हणून ठेवलेलं सोयाबीन मोंढ्यावर नेऊन घातलं आन पैसे टाकले. कशासाठी पायजेत ते विचारलं पण नाही. हे आठवलं की अजून झोप लागत नाही मला.

बनवलेले रिझ्युमे तो मला दाखवायचाच नाही, म्हणायचा डायरेक्ट सबमिट करतो, तुम्ही फक्त इंटरव्ह्यूची तयारी करा. मीही मागितले नाहीत, इथं माझी चूक झाली. एक कॉल मात्र खरंच आला, चिकलठाण्याच्या एका कंपनीतून, मी शर्ट इस्त्री करून गेलो.

समोर क्वालिटी मॅनेजर, पन्नाशीचा माणूस, शांत. त्यांच्या हातात माझा रिझ्युमे, मी पहिल्यांदाच बघत होतो. त्यात सिक्स सिग्मा ग्रीन बेल्ट (क्वालिटीचं सर्टिफिकेट), सॅप सॉफ्टवेअर, सीएमएम म्हणजे पार्टचं माप घ्यायच्या मशीनचं प्रोग्रामिंग. मी सीएमएमवर पीस लावून दिलेत, प्रोग्राम कधी केला नाही. त्यांनी विचारलं ग्रीन बेल्टला प्रोजेक्ट कोणता केला, माझ्या तोंडातून शब्द निघंना. मग त्यांनी कॉम्प्युटरवर ती पीडीएफ उघडली, सगळा मजकूर सिलेक्ट केला, तर खाली कोऱ्या जागेत पांढऱ्या बारीक अक्षरात त्यांच्याच जाहिरातीतले शब्द ओळीनं चिकटवलेले, जे छापल्यावर दिसत नाहीत. पहिल्या पानावर "आपल्या नामांकित कंपनीत" च्या पुढं नाव दुसऱ्याच कंपनीचं. आन शेवटी त्यांनी ड्रॉवरमधून अजून दोन पोरांचे रिझ्युमे काढून माझ्यापुढं ठेवले, तिन्हीत एकच ओळ होती, मालाचं रिजेक्शन १२ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणलं. मला घाम फुटला. मी सगळं खरं सांगून टाकलं. त्यांनी पेन घेतला आन विचारत विचारत खोट्या ओळी खोडल्या, व्हर्नियर, मायक्रोमीटर, फर्स्ट पीस अप्रूव्हल, इनकमिंगला कास्टिंगचे लॉट तपासणं, एवढं राहिलं. म्हणले हे तू केलेलं आहेस ना, मग यावर मी अर्धा तास बोलू शकतो, पण आज तुला घेता येत नाही.

रूमवर आलो तर "सर" नी ब्लॉक केलं होतं आन चॅट दोन्हीकडून उडवलं होतं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरला फोन केला, सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, पण शेवटचं पेमेंट होऊन १९ दिवस झाले होते, त्या खात्यात काही उरलं नव्हतं. असं कोणासोबत झालं तर त्याच तासात १९३० लावा, उशीर केला की पैसे पुढच्या खात्यात जातात. यूपीआयचा १२ आकडी रेफरन्स नंबर बँक स्टेटमेंटमधे सापडतो, चॅटचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा. मी त्याला आधार आन पॅन पण पाठवलं होतं, त्यामुळं आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. रिझ्युमेवर आधार नंबर टाकायची गरजच नसते, कोणी मागितलंच तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. महास्वयम आन एनसीएस या नोकरीच्या सरकारी साइटवर नाव नोंदवायला एक रुपया लागत नाही.

आता मी स्वतःच करतो. एका वहीत तीन वर्षांत जे जे काम केलं ते सगळं लिहून काढलंय, कोणत्या पार्टवर, कोणत्या गेजनं, दिवसाला किती लॉट. जाहिरात आली की त्यातलं लागतं ते वर घ्यायचं, बाकी खाली. मी "माल चेकिंग" लिहायचो, जाहिरातीत इनकमिंग इन्स्पेक्शन म्हणतात, काम तेच आहे म्हणून शब्द त्यांचा घेतो. जे केलं नाही ते लिहीत नाही. अर्धा तास जातो एका अर्जाला.

पण ते खोटे रिझ्युमे अजून माझ्या नावानं फिरायलेत. ५० पैकी ३१ कंपन्यांची नावं त्यानं सुरुवातीला पाठवलेल्या एका फाईलमधे सापडली, त्यांना एकेक करून मेल टाकायलो की आधीचा रिझ्युमे मी लिहिलेला नाही, खरा सोबत जोडलाय. चौघांनी उत्तर दिलं. तुमच्या रिझ्युमेत ती १२ वरून ३ टक्क्यांची ओळ असंल आन तुम्ही ती लिहिलेली नसंल, तर इंटरव्ह्यूला जायच्या आधी काढून टाका.