कुंडीतील क्लेमाटिस : नेली मोझर की एत्वाल व्हायोलेत?

घरामागे मातीचा वाफा नाही, फरसबंद अंगण आहे, आणि तेथे एकाच मोठ्या कुंडीत क्लेमाटिस ही फुलांची वेल लावायची आहे, असा प्रश्न ज्यांच्यापुढे आहे त्यांची निवड बहुधा दोन गटांपाशी येऊन थांबते. पहिला गट मे-जूनमध्ये मोठाली फुले देणाऱ्या संकरांचा, ज्यांची प्रतिनिधी म्हणून मी ‘नेली मोझर’ घेतो; दुसरा उन्हाळ्याच्या उत्तरार्धात फुलणारा व्हिटिसेला गट, ज्यातील ‘एत्वाल व्हायोलेत’ माझ्याकडे आहे. दक्षिण इंग्लंडातील माझ्या अंगणात या दोन्ही वेली सहा वर्षे शेजारी-शेजारी वाढल्या. आता त्यांतली एकच उरली आहे, आणि तसे का झाले ते सांगितल्यास निवड करणाऱ्याला काही उपयोग व्हावा.

एकेका फुलाचा विचार केला तर नेली मोझर निःसंशय वरचढ आहे. १८९७ मध्ये व्हर्सायच्या मोझर रोपवाटिकेतून आलेल्या या जातीचे तळहाताएवढे फूल, त्याची फिकट गुलाबी पाकळी आणि पाकळीच्या मधोमध गेलेला गडद पट्टा पाहिल्यावर गार्डन सेंटरमध्ये हात आपोआप तिच्याकडेच जातो. कडक उन्हात मात्र तिचा रंग विटतो, म्हणून पूर्वेची किंवा उत्तरेची भिंत तिला मानवते. एत्वाल व्हायोलेत ही फ्रान्सच्याच फ्रान्सिस्क मोरेल यांची १८८५ ची निर्मिती. तिची फुले लहान, गर्द जांभळी, किंचित झुकलेली असून विटांच्या भिंतीवर ती दुरून उठून दिसत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. परंतु जुलैपासून सप्टेंबरपर्यंत ती इतकी येतात की मोजण्याचा विचार मनात येत नाही, आणि मुलांच्या सुट्टीत अंगणात खऱ्या अर्थाने बसणे होते ते याच महिन्यांत.

कुंडीच्या बाबतीत दोघींच्या गरजा जवळपास सारख्या आहेत. किमान ४५ सेंटिमीटर रुंद आणि तितकीच खोल कुंडी, जॉन इनेस नंबर ३ सारखे कुंडीत भरण्याचे वजनदार, मातीयुक्त मिश्रण, मुळांवर सावली आणि वाढीच्या दिवसांत टोमॅटोचे पातळ खत एवढे सांभाळले की पुरते. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडात पारा ४० अंशांच्या वर गेला, त्या दिवशी दोन्ही कुंड्यांना दोनदा पाणी घालूनही नेली मोझरची पाने कडेने करपली आणि दुसरी फुलांसकट टिकली. कुंड्यांच्या जागा वेगवेगळ्या असल्यामुळे मी याला पुरावा मानत नाही.

माझा निर्णय ठरला तो एका वेगळ्याच गोष्टीवरून, जिचा उल्लेख खरेदी करताना मला कोणी केला नव्हता. क्लेमाटिसला द्राक्षवेलीसारखे ताणे नसतात. ती पानाच्या देठानेच आधाराला विळखा घालते. आपल्या सह्याद्रीत पावसाळा सरताना पांढऱ्या फुलांनी भरून जाणारी मोरवेल ही तिची बहीण, आणि तीही अशीच चढते. हिवाळ्यात पान मरते, तपकिरी होते, पण देठ तारेसारखा वाळून जाळीला आणि शेजारच्या फांदीला धरून राहतो, त्यामुळे ते पान गळून पडत नाही. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर ओल्या, काळवंडलेल्या पानांचे जाळे लोंबत असते. वाफ्यातली वेल बागेच्या टोकाला असते, तेथे ते खपून जाते. अंगणातली कुंडी मात्र सतत डोळ्यांसमोर असते.

ती पाने काढायला गेले की नेली मोझरची खरी अडचण समोर येते. तिची मे महिन्यातली फुले गेल्या वर्षीच्या जुन्या फांद्यांवर येतात, म्हणून फेब्रुवारीत तिला फक्त वरवर, एकेक डोळा (फांदीवरचा अंकुर) पाहून छाटायचे असते. त्या फांद्या दोऱ्यासारख्या बारीक आणि काचेसारख्या ठिसूळ असतात, आणि मेलेली कोणती व जिवंत कोणती हे डोळा फुगल्याशिवाय कळत नाही. दर फेब्रुवारीत थंडीने बधिर झालेल्या बोटांनी, लहान कात्री घेऊन, एकेक देठ कापत मी दोन-दोन संध्याकाळी घालवल्या आहेत, आणि तरीही चौथ्या वर्षी एका वाळक्या पानाला जरा ओढ बसताच मुख्य फांदीच पेरापाशी तुटली. त्या फांदीवर टपोऱ्या डोळ्यांच्या अकरा जोड्या होत्या. त्या मे महिन्यात जाळीचा अर्धा भाग रिकामाच राहिला.

शेजारी एत्वाल व्हायोलेतचे काम दहा मिनिटांत आटोपत असे. नाशिक-सांगलीकडची द्राक्षबागेची खरड छाटणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच समजेल: फेब्रुवारीच्या अखेरीस जमिनीपासून वीतभर-दीड वीत उंचीवर, डोळ्यांच्या सशक्त जोडीच्या वर सगळे कापायचे आणि वरचा गुंता एकदम ओढून काढायचा. ही वेल नव्या फुटव्यावर फुलते, त्यामुळे काहीच गमवावे लागत नाही. व्हिटिसेला या नावाचा अर्थच ‘लहान द्राक्षवेल’ असा आहे, आणि छाटणीपुरते तरी ते नाव मला फार समर्पक वाटते. शिवाय त्या दिवशी कुंडी जाळीपासून मोकळी होते. ती हलवता येते, वरची माती बदलता येते, जाळीला रंग देता येतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी या सोयीचा अवश्य विचार करावा.

मर रोगाबाबतही तोल याच बाजूला झुकतो. मोठ्या फुलांच्या संकरांना ऐन कळ्या आल्यावर एका बुरशीमुळे फांदी अचानक माना टाकण्याचा धोका असतो, तर व्हिटिसेला गट त्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. माझ्या नेली मोझरला हे दुसऱ्याच वर्षी झाले. लावताना बुंधा चार बोटे मातीखाली गेला होता म्हणून ती खालून पुन्हा फुटली. दोन्हींपैकी काहीही घेतले तरी एवढे खोल लावण्यात नुकसान नाही.

व्हिटिसेलाच्या विरोधात मात्र दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. मार्चमध्ये जाळी पूर्ण उघडी दिसते, आणि मे महिन्यात नवे फुटवे इतक्या वेगाने येतात की दर दोन दिवसांनी ते बांधून दिले नाहीत तर सगळे एकमेकांत गुंतून वर गोळा होतात व बुंधा बोडका राहतो. ज्यांना मे महिन्यातच फुले हवी आहेत आणि कुंडी खिडकीपासून दूर ठेवणे शक्य आहे, त्यांनी नेली मोझर खुशाल घ्यावी. किंवा गर्नसी बेटावर रेमंड एव्हिसन यांनी खास कुंडीसाठी घडवलेल्या ठेंगण्या जाती पाहाव्यात, ज्यांचा गुंता मुळातच कमी असतो. बाकीच्यांना, विशेषतः नोकरी करून बाग सांभाळणाऱ्यांना, मी एत्वाल व्हायोलेतकडे पाहण्यास सुचवेन.

माझी नेली मोझर मी एका स्नेह्यांना दिली. त्यांच्याकडे उत्तरेच्या भिंतीला लागून मातीचा वाफा आहे. तेथे ती चांगली रुजली असून यंदा मे महिन्यात तिची फुले पाहण्यासाठी मी मुद्दाम गेलो होतो.