ळ एकच दिलाय: अक्षरांच्या डब्याचा आठ महिन्यांचा अनुभव

गणपतीच्या आधी, ऑगस्टात, हा डबा ऑनलाइन मागवला. ३८० रुपये पडले. आता एप्रिल संपत आलाय. पहिल्या आठवड्यात लिहायला बसले असते तर पाच तारे देऊन मोकळी झाले असते. आज तीन देते, आणि त्यातला दीड लेकीच्या डोक्याचा आहे.

आम्ही बेळगावात, शहापूरला राहतो. लेक साडेपाच वर्षांची, जूनमध्ये पहिलीत जाईल. शाळा इंग्रजी माध्यमाची. कन्नड आहेच, २०१५ च्या कायद्यानं ते राज्यात सगळ्याच शाळांत आलं. मराठीचा तास मात्र नाही. म्हणजे मराठी वाचायला शिकवायचं तर ते घरीच, रात्रीची भांडी आवरून झोपेपर्यंत जो अर्धा तास मिळतो त्यात.

डब्यात जाड पुठ्ठ्याची चौकोनी कार्डं आहेत, मागे चित्रं, शिवाय काना-मात्रा-वेलांटीच्या सुट्या पट्ट्या आणि एक वाळूचं घड्याळ. पुठ्ठ्याला नाव ठेवणार नाही. दोनदा चहा सांडला तरी कोपरे सुटले नाहीत. घड्याळ तिसऱ्याच दिवशी रडारड झाल्यावर माळ्यावर गेलं.

सूचनांचा कागद म्हणतो, अ पासून क्रमाने रोज दोन अक्षरं. सासूबाईंनी तो कागद वाचला, घडी घालून डब्यात ठेवला आणि ग, म, भ, न अशी चार कार्डं काढून पोरीपुढे मांडली. त्यांना लहानपणी असंच शिकवलं होतं. चारांची वळणं जवळची, प्रत्येकाला काना, आणि तेवढ्यातच मग, मन, नग, गगन, नमन असे शब्द तयार. पहिल्याच संध्याकाळी पोरीनं 'मग' वाचला आणि दिवसभर घरात सगळ्यांना 'मग?' विचारत सुटली. त्यानंतर र, व, ख, स घेतले. क्रमानं गेलो असतो तर दसऱ्यापर्यंत स्वरांतच असतो.

चित्रांचा उलट त्रास झाला. महिनाभर मला वाटत होतं ही वाचतेय. एकदा सहज चित्र न दाखवता अक्षर पुढे केलं तर गप्प. ती कार्ड उलटून चित्र बघायची आणि अक्षर सांगायची! मग सगळ्या मागच्या बाजूंवर खाकी कागद चिकटवला. 'च'ला चमचा दिलाय तेही अडचणीचं. चमच्यातला च वेगळा, चहातला वेगळा, आणि अक्षर एकच. कितीतरी दिवस ती 'चहा' चमच्यातल्या च नं वाचत होती. ज, झ चं तेच. कार्ड करणाऱ्यानं निदान दोन चित्रं द्यायची.

कन्नडची गंमत निराळी. कन्नडात शेवटच्या अक्षरातला अ पूर्ण म्हणतात, म्हणून 'घर' समोर आलं की ती 'घरा' म्हणायची, 'कमळ'चं 'कमळा'. यावर डब्यातल्या कुठल्याच खेळाचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो तोंडी खेळाचा, आणि तो टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटात, स्कूटरवर, गाडी जाईस्तोवर. 'कपाट'मधला क पळाला, काय उरलं? पाट. 'पातळ'मधला पा पळाला? तळ. 'वादळ'मधला वा? दळ. शब्द आधी कानाला तुटला पाहिजे, मग डोळ्याला तुटतो, हे मला त्या गेटात कळलं.

आता मुख्य तक्रार. प्रत्येक व्यंजनाची दोन-दोन कार्डं, आणि ङ, ञ आणि ळ यांचं एकेक. ङ चं ठीक. पण ळ? केळ, बाळ, फळ, सकाळ, आभाळ, आणि आमचं गावच बेळगाव. दोन शब्द शेजारी लावायचे तर एकाचा ळ काढून दुसऱ्याला द्यावा लागतो. 'हळूहळू' तर होतच नाही. वर 'ल' काना जोडलेला, हिंदी वळणाचा. आमच्या घरी येणाऱ्या 'तरुण भारत'च्या मथळ्यांत ल दोन पाकळ्यांचा. पेपरात पेननं ल शोधून गोल करायचा खेळ ठेवला तर पोरगी म्हणाली, यात ल नाहीच. शेवटी ल आणि ळ मी लग्नपत्रिकांच्या पाठीवर लिहून काढले, पाच-पाच.

शब्दांच्या भेंड्यांत मात्र हाच ळ तिच्या कामाला आला. ळ पासून शब्द सुरू होत नाही हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दोन हरल्या डावांनंतर ती प्रत्येक शब्द ळ वर संपवू लागली. सासूबाई 'बाभूळ', 'जांभूळ'नंतर शरण आल्या. आता ळ आला की ल घ्यायचा, असा घरचा नियम आहे.

सगळ्यात जास्त वेळ गेला वेलांटीत. ३४ व्यंजनं गुणिले १२ म्हणजे बाराखडीची ४०८ रूपं. ती काही पाठ करून होत नाहीत, पट्टी लावून-काढूनच होतात, म्हणून डबा घेतला होता. तिनं 'दिवस' असा लावला: द, मग पहिल्या वेलांटीची पट्टी, मग व, मग स. झालं 'दविस'. मी पट्टी उचलून द च्या आधी ठेवली. ती म्हणाली, "पण मी आधी द म्हणतो, मग इ म्हणतो." (आमच्याकडे मुलीही म्हणतो, जातो म्हणतात.) काय चुकलं तिचं? कन्नडात वेलांटी अक्षराच्या डोक्यावरच बसते, तिथं हा घोटाळा होत नाही. फाईलच्या पारदर्शक कव्हरातून चौकोन कापले, त्यावर मार्करनं काना, वेलांट्या, उकार काढले, आणि पट्टी शेजारी न ठेवता कार्डावरच पांघरायची असं ठरवलं. दोन आठवड्यांत 'दिवस', 'किती', 'चिमणी' सरळ लागले. हे डबा करणाऱ्यांना सुचायला हवं होतं, पुठ्ठ्यापेक्षा स्वस्त पडलं असतं.

घ्यावा का? घरी कात्री, मार्कर आणि रोजचा अर्धा तास असेल तर घ्या. नुसता डबा पोरापुढे टाकणार असाल तर ३८० रुपयांची खेळण्यातली वीट आहे.

जोडाक्षरांसाठी डब्यात काहीच नाही. मागच्या आठवड्यात तिनं 'पुस्तक' लावताना त चं कार्ड स च्या कान्यावर सरकवून काना झाकला, आणि अर्धा स झाला. मी शिकवलं नव्हतं. तशीच 'मस्त', 'पुण्य', 'सख्खा' झाली. आता गाडी र वर अडलीय. सूर्य, प्रकाश, ट्रक, तऱ्हा, एका र ची चार रूपं, आणि कार्ड सरकवून त्यातलं एकही होत नाही. कव्हराचे उरलेले तुकडे काढून ठेवलेत.