सेफ (Ceph) स्टोरेज लावणार असाल तर नियमातला "रॅक" आधी बघा
शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फौंड्रीची ड्रॉइंगं आणि कास्टिंगच्या एक्स-रेचे फोटो मी दोन वर्षं सेफवर ठेवतोय, म्हणजे बऱ्याच मशीनच्या डिस्का जोडून एक साठा करणाऱ्या सॉफ्टवेअरवर. २०१९ ला पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं, शिरोलीचा रस्ता बंद पडला, तेव्हाच ठरवलेलं की तिन्ही कॉप्या एका खोलीत ठेवायच्या नाहीत. त्या कामाला सेफ लई भारी आहे, कुठली फाईल कुठल्या डिस्कवर याची वही कुठंच नसते, त्याचा क्रश अल्गोरिदम मॅप (कुठली डिस्क कुठल्या मशीनमध्ये, कुठल्या रॅकमध्ये याचा नकाशा) आणि नियम (कॉप्या कशा वाटायच्या ते) घेतो आणि प्रत्येक मशीन आपापलं गणित करून तेच उत्तर काढतं.

मी अडलो नियमात. प्रत्येक कॉपी वेगळ्या कशात ठेवायची, होस्ट की रॅक, तो टाइप नियमात लिहायचा असतो. टाइपचं नावच चुकलं तर लगेच ईइनव्हॅल (चुकीची किंमत दिली अशी एरर) तोंडावर येतो, ते चांगलंय. पण मी लिहिलं "रॅक", आणि तो टाइप सेफच्या यादीत पहिल्यापासून असतोच, म्हणून नियम पास झाला, आमच्या मॅपमध्ये मात्र रूटखाली (सगळ्यात वरच्या टोकाखाली) थेट होस्ट, म्हणजे मशीनं, रॅक एकही नाही. मग काय, नवीन पूलचे (साठ्याच्या नव्या कप्प्याचे) पीजी, म्हणजे फाईलींचे गट, ॲक्टिव्हच होईनात, फाईल टाकली की लटकायची, आणि मी रात्री अकरापर्यंत केबली तपासत बसलेलो.

मग सोर्स उघडला, मॅपर डॉट सी, क्रशचं गणित असलेली फाईल. नियमाचा नंबर हद्दीबाहेरचा असला तर शून्य परत, "टेक"ला (कुठून सुरू करायचं त्या पायरीला) दिलेला बकेट, म्हणजे मॅपमधला गट, नसला तर ती पायरी सोडून पुढं, जागा सापडेना तर ठरलेले प्रयत्न, हल्ली ५०, करून गप्प. आधी राग आला, पण हाच कोड लिनक्स कर्नलमध्येपण (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात) चालतो, तिथं एका चुकीच्या आकड्यापायी अख्खं मशीन पाडण्यापेक्षा रिकामी यादी दिलेली बरी. मॅपरबद्दल तक्रार नाही, तक्रार आहे नियम आत घेतानाच्या तपासणीबद्दल. नाव यादीत आहे एवढं बघून भागत नाही, त्या टाइपचं मॅपमध्ये काही आहे का ते बघून एक वॉर्निंग तरी द्यायला पाहिजे.

बाकी स्टोरेज म्हणून पाचपैकी चार, डोळे झाकून. आता तळमजला, वरचा मजला आणि लॅब असे तीन रॅक मॅपमध्ये टाकलेत, आणि नवा नियम आधी क्रशटूल या सेफच्याच तपासणी-प्रोग्रॅमच्या टेस्टला देतो, तीन कॉप्या धरून, बॅड मॅपिंग (कॉप्यांना पुरेशा जागा न मिळालेल्या ओळी) दाखव म्हणून. तो जुना नियम एकदा मुद्दाम देऊन बघितला, १०२४ ओळी आल्या, प्रत्येकीच्या शेवटी रिकामा कंस, म्हणजे एकाही कॉपीला जागा नाही.