काउंटरवरचं हसू : वरवरचं की आतून आलेलं?

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत पेन्शनरांची रांग लागते. वयोमानाने बोटांवरच्या रेषा पुसट होतात, मशीन ठसा घेत नाही. दोन-तीनदा तसं झालं की आजोबा चिडतात. काउंटरवरच्या माणसाला तेव्हा दोन गोष्टी करता येतात.

एक म्हणजे स्वतःचा वैताग गिळून हसरा चेहरा ठेवायचा. पटकन जमतं. पण "सर, सिस्टिम घेत नाहीये" हे कितीही गोड आवाजात म्हटलं तरी त्यातला कोरडेपणा समोरच्याला कळतोच. शिवाय आत एक, बाहेर एक असं दिवसभर चालवून माणूस संध्याकाळपर्यंत पार थकतो.

दुसरं म्हणजे चिडण्यामागचं कारण ओळखायचं. आजोबांना ठशाची फिकीर नाही, पेन्शन अडकण्याची धास्ती आहे. "काका, काळजी करू नका, कागदी फॉर्म भरून घेऊ," म्हटलं की आवाज खाली येतो. सुरुवातीला मिनिटभर जास्त जातं, पुढची वादावादी मात्र टळते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सेविकांच्या अभ्यासातून हाच फरक मांडला होता. वरवरच्या अभिनयाचा थकव्याशी जास्त संबंध असल्याचं नंतरच्या संशोधनातही दिसलं.

मला दुसरा मार्गच योग्य वाटतो. पण तो एकट्या कर्मचाऱ्यावर ढकलणं अन्यायाचं आहे. अख्खी रांग एकाच खिडकीवर सोडून त्याला समजूतदारपणाचं प्रशिक्षण देण्यापेक्षा मॅनेजरने आधी दुसरी खिडकी उघडावी.